पौरुषाच्या औषधांचा इतिहास



आजचा विषय व्यासपीठावरून मांडावयास थोडा अवघड आहे, हे प्रथमच कबूल केलेले बरे. घरात या विषयावर कोणी बोलत नाही. डॉक्टरांपुढे बसले तरी जीभ रेटत नाही. आणि त्याच विषयाच्या जाहिराती मात्र रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंतींवर हातभर अक्षरांत रंगवलेल्या असतात. एखादा विषय लाजेचा ठरला म्हणजे तो जाणत्यांच्या हातून निसटतो आणि भोंदूंच्या हाती पडतो, असा जगाचा अनुभव आहे. पुरुषाच्या शरीरातील टेस्टोस्टेरोन नावाचे द्रव्य कमी पडले तर काय करावे, हा प्रश्न त्यांतलाच आहे. आज त्यावर इंजेक्शने आहेत, मलमे आहेत, गोळ्या आहेत, कातडीखाली पेरावयाचे दाणे आहेत. यांतले बरे कोणते, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर नुसत्या किमतीच्या पाटीवरून देता येत नाही. त्यासाठी ही औषधे कोणत्या वाटेने आली, वाटेत माणसे कोठे फसली आणि कोठे शहाणी झाली, हे पाहावे लागते. तो इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

ययातीची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. शुक्राचार्यांच्या शापाने आलेले म्हातारपण त्याने पुरूच्या अंगावर घातले आणि पुरूचे तारुण्य आपण घेतले. भोगाने भोगाची इच्छा शमत नाही, हे तात्पर्य आपण त्यातून काढतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कथेच्या पोटात आणखी एक कल्पना दडलेली आहे. तारुण्य ही एका देहातून काढून दुसऱ्या देहात घालता येण्यासारखी वस्तू आहे, ही ती कल्पना. आपल्या वैद्यकाने तिच्याकडे दुर्लक्ष केले नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनाच्या पाठोपाठ दुसराच अध्याय वाजीकरणाचा आहे. सुश्रुताने तर बोकडाच्या वृषणांसह उकळलेल्या दुधाचा योग सांगितला आहे. ज्या अवयवाची शक्ती कमी पडली तोच अवयव दुसऱ्या प्राण्याचा घ्यावा, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

आणि याच्याही आधीपासून शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. गोऱ्हा वेळीच खच्ची केला तर बैल होतो. तो नांगराला शांतपणे जुंपून घेतो, आणि वळूचे वशिंड, वळूची मान व वळूचा राग त्याच्यात येत नाही. म्हणजे वृषणांत काहीतरी आहे, आणि त्याचा परिणाम साऱ्या देहावर होतो, हे ज्ञान जुनेच होते. ते 'काहीतरी' काय, आणि ते पोहोचते कसे, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

गोटिंगेनचे सहा कोंबडे

या प्रश्नाला पहिला शास्त्रशुद्ध हात घातला तो जर्मनीतील गोटिंगेन येथील आर्नोल्ड बेर्टोल्ड या प्राध्यापकाने. १८४८ च्या ऑगस्टमध्ये त्याने सहा लहान कोंबडे घेतले. त्यांपैकी दोघांचे दोन्ही वृषण काढून टाकले आणि त्यांना तसेच सोडून दिले. उरलेल्या चौघांच्या बाबतीत मात्र त्याने वृषण मूळ जागेवरून सोडवले, पण एकेक वृषण पोटाच्या पोकळीतच राहू दिला. त्यांतील दोघांच्या पोटात तर त्याने वृषणांची अदलाबदल केली, याचा त्याला आणि त्याचा याला.

पुढे काय झाले? पहिल्या दोघांचे तुरे खुरटले, ते आरवेनात, झुंजेनात, कोंबड्यांच्या मागे लागेनात. बाकीचे चौघे मात्र अस्सल कोंबडे झाले. तांबडा भरदार तुरा, पहाटेची बांग, मारामारी, सारे यथास्थित. नंतर बेर्टोल्डने पोट उघडून पाहिले, तेव्हा वृषण आतड्यांना चिकटून रुजलेले होते. त्यांना रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, पण मूळच्या मज्जातंतूंशी त्यांचा संबंध उरला नव्हता. तेव्हा निष्कर्ष एकच निघत होता: वृषणातून काही द्रव्य रक्तात उतरते आणि रक्ताच्या वाटेने साऱ्या शरीरात फिरते. १८४९ साली त्याने हे चार पानांत छापले. हार्मोन हा शब्द जन्माला यावयास अजून अर्धशतकाहून अधिक काळ होता.

या प्रयोगात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते आरवणारे चार कोंबडे नव्हेत; न आरवणारे दोन. त्या दोघांशी ताडून पाहिल्यामुळेच चौघांचा अर्थ लागला. गणित सोडवल्यावर आपण ताळा पाहतो; बेर्टोल्डने निसर्गाचा ताळा पाहिला. श्रोतेहो, हा ताळ्याचा कोंबडा कृपा करून लक्षात ठेवा. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत ज्यांनी तो जवळ बाळगला ते पुढे गेले, आणि ज्यांनी त्याला अंगणाबाहेर हाकलले ते, कितीही विद्वान असले तरी, फसले.

पॅरिसचे एक व्याख्यान

बेर्टोल्डचा लेख जवळजवळ विस्मृतीत गेला. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १ जून १८८९ रोजी, पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे शार्ल ब्राऊन-सेकार हे बहात्तर वर्षांचे गृहस्थ बोलावयास उभे राहिले. हा कोणी ऐरागैरा नव्हता. मॉरिशस बेटात जन्मलेला, मज्जारज्जूच्या संशोधनाने जगभर गाजलेला, मोठमोठी अध्यासने भूषविलेला शास्त्रज्ञ. त्याने सांगितले की कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क काढून आपण तो स्वतःच्या कातडीखाली टोचून घेतला, आणि गेलेली शक्ती परत आली. जिना धावत चढता येतो, हातात वजन अधिक पेलते, तासन् तास उभे राहून काम करता येते, लघवीची धारसुद्धा पूर्वीपेक्षा लांब जाते. त्याने या गोष्टी मोजून आकडेही दिले.

वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली आणि थोड्याच महिन्यांत युरोप-अमेरिकेत हा अर्क हजारोंना टोचला जाऊ लागला. पण एक अडचण होती. वृषण हे द्रव्य तयार करून लगेच रक्तात सोडतात, साठवून फारसे ठेवत नाहीत. शिवाय ते तेलात विरघळते, पाण्यात विरघळत नाही म्हटले तरी चालेल. पाण्यात काढलेल्या त्या अर्कात ते असणार किती? २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ब्राऊन-सेकारची कृती जशीच्या तशी करून पाहिली, तेव्हा त्या अर्कात टेस्टोस्टेरोन इतके नगण्य निघाले की त्याचा शरीरावर काही परिणाम होणे शक्यच नव्हते.

मग तो म्हातारा खोटे बोलत होता काय? मुळीच नाही. तो खरोखरच जिना धावत चढला असेल. माणसाला मनापासून वाटले की आपण औषध घेतले आहे, तर त्याची पावले हलकी पडतात. ज्याने आकडे मोजले त्यानेच इंजेक्शन घेतले होते आणि त्यानेच निकाल दिला होता; ताळ्याचा कोंबडा कोठे नव्हता. मात्र त्याच्या पदरी एक श्रेय टाकले पाहिजे. ग्रंथींचे स्राव औषध म्हणून देता येतील, या कल्पनेने त्याच्यामुळे मूळ धरले. दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, इंग्लंडात जॉर्ज मरे याने मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क एका रुग्ण स्त्रीला दिला, आणि तेथे मात्र गुण खरोखर आला.

गाठ, माकड आणि बोकड

पहिल्या महायुद्धानंतरची दहा-पंधरा वर्षे हा या इतिहासातला सर्वांत विलक्षण काळ होय. व्हिएन्नाच्या ऑयगेन श्टाइनाखने एक सिद्धांत मांडला. वृषणात शुक्राणू तयार करणारा भाग एक आणि हार्मोन तयार करणाऱ्या पेशी निराळ्या, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. पण पुढे तो म्हणाला की शुक्रवाहिनी बांधून टाकली तर पहिला भाग आकसेल, दुसरा फोफावेल आणि पुरुष पुन्हा तरुण होईल. १९१८ पासून ही शस्त्रक्रिया माणसांवर होऊ लागली. १९२३ साली खुद्द सिग्मुंड फ्रॉइडने, आपल्या जबड्याचा कर्करोग पुन्हा उलटू नये या आशेने, ती करून घेतली. १९३४ साली आयरिश कवी यीट्सनेही सत्तरीकडे झुकलेला असताना लंडनला जाऊन ती करून घेतली, आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत त्याने भराभर कविता लिहिल्या.

ही शस्त्रक्रिया म्हणजे काय? शुक्रवाहिनी बांधणे, म्हणजे आपली नसबंदी! व्हिएन्नात ती बहुधा एकाच बाजूला करीत, एवढाच फरक. ज्या शस्त्रक्रियेने पौरुष वाढते म्हणून युरोपातले श्रीमंत पैसे मोजत होते, तीच शस्त्रक्रिया पुढे १९६० नंतरच्या दशकात कुटुंबनियोजनासाठी मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर केंद्रे उघडून होऊ लागली, तेव्हा आपल्याकडचे पुरुष 'पौरुष जाईल' म्हणून तिच्यापासून दूर पळत होते. खरे पाहता तिने पौरुष वाढतही नाही आणि जातही नाही. वृषणातले हार्मोन रक्तातून जाते, त्या बांधलेल्या नळीतून जातच नाही. गोटिंगेनच्या कोंबड्यांनी हे १८४९ सालीच सांगून ठेवले होते. एकाच गाठीवर एका देशाने आशा बांधली आणि दुसऱ्याने भीती. दोन्हीकडे ताळा पाहणारे थोडे.

पॅरिसमध्ये सर्ज व्होरोनॉफ नावाच्या रशियात जन्मलेल्या शल्यवैद्याने १९२० पासून चिंपांझी वगैरे वानरांच्या वृषणांच्या पातळ चकत्या माणसांच्या वृषणांवर शिवण्यास आरंभ केला. त्याच्याकडे धनिकांची रीघ लागली; वानरे पाळण्यासाठी त्याने रिव्हिएराच्या किनाऱ्यावर इटलीच्या हद्दीत आपले स्वतःचे आगर उभारले. परक्या प्राण्याचे मांस आपले शरीर स्वीकारत नाही, थोड्याच दिवसांत ते मरून जाते, हे ज्ञान नंतर पक्के झाले आणि व्होरोनॉफचे नाव थट्टेचा विषय बनले.

अमेरिकेत तर याहून पुढची पायरी गाठली गेली. कॅन्सास राज्यातील मिलफर्ड या खेड्यात जॉन ब्रिंकली याने बोकडाच्या वृषणांचे तुकडे माणसांत बसवण्याचा धंदा थाटला. शस्त्रक्रियेची फी ७५० डॉलर. पदवी विकतची, पण १९२३ साली त्याने स्वतःचे रेडिओ केंद्र काढले आणि रोज रात्री घराघरांत त्याचा आवाज शिरू लागला. काही रुग्ण दगावले, कित्येकांना जखमा चिघळून जन्माचे दुखणे लागले. १९३० साली त्याचा परवाना रद्द झाला. त्याच वर्षी तो राज्यपालपदाच्या निवडणुकीस उभा राहिला आणि लोकांनी त्याला भरभरून मते दिली! अखेर १९३९ साली, अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाचे संपादक मॉरिस फिशबाइन यांच्यावर त्यानेच भरलेला अब्रुनुकसानीचा दावा तो हरला. तेथून त्याचे दिवाळे निघाले. एक लाजेचा विषय, एक बोलघेवडा माणूस आणि आवाज दूरवर नेणारे एक नवे यंत्र, हे तिन्ही एकत्र आले की काय होते, याचा हा नमुना आजही विचार करण्यासारखा आहे.

खाटकांचा बाजार आणि पोलिसांची बराक

ही जत्रा चालू असताना काही माणसे प्रयोगशाळेत मुकाट्याने काम करीत होती. शिकागो म्हणजे कत्तलखान्यांचे शहर. तेथल्या विद्यापीठातील फ्रेड कॉक आणि त्याचा विद्यार्थी लेम्युअल मॅगी यांनी १९२७ साली चाळीस पौंड बैलांच्या वृषणांतून अवघा वीस मिलिग्रॅम अर्क मिळवला. तो खरा की खोटा, हे ठरवावयाचे कसे? त्यांनी तो खच्ची केलेल्या कोंबड्याला टोचला आणि तुरा वाढतो का, हे मोजले. पाहा, बेर्टोल्डचा ताळ्याचा कोंबडा अंगणात परत आला! आणि तो आल्याबरोबर कामाला वेग आला.

१९३१ साली जर्मनीत आडोल्फ बुटेनांट याने बर्लिनच्या पोलिसांची सुमारे पंधरा हजार लिटर लघवी गोळा करून तीतून जेमतेम पंधरा मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन हे त्याच घराण्यातले द्रव्य वेगळे केले. १९३५ च्या मे महिन्यात अॅमस्टरडॅमच्या एर्न्स्ट लाकर याच्या गटाने शंभर किलो बैलवृषणांतून दहा मिलिग्रॅम शुद्ध हार्मोन काढले आणि त्याला टेस्टोस्टेरोन असे नाव दिले. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस, एकमेकांपासून आठवड्याच्या अंतराने, बुटेनांटने जर्मनीत आणि लिओपोल्ड रुझिच्काने स्वित्झर्लंडमध्ये ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत बनवून दाखवले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांत विभागून दिले गेले. नाझी सरकारने बुटेनांटला ते स्वीकारू दिले नाही, पदक व मानपत्र त्याला युद्धानंतर मिळाले.

ययातीच्या कथेतली कल्पना एका अर्थी येथे खरी ठरली. पुरूचे तारुण्य कोणी काढून घेतले नाही, पण त्यातला एक अंश काचेच्या कुपीत बंद झाला. आता प्रश्न उरला तो एवढाच की ही कुपी कोणाला द्यावयाची.

कोणाला द्यावयाचे?

येथेही ताळा पाहणाऱ्यांनीच वाट दाखवली. १९४४ साली हेलर आणि मायर्स या अमेरिकन डॉक्टरांनी थकवा, उदासपणा, इच्छा कमी होणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या पुरुषांची तपासणी केली. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना काम करण्याचा हुकूम सोडत असते. वृषण थकले तर ती अधिक जोराने हुकूम सोडते, आणि तिची ती द्रव्ये लघवीत वाढलेली आढळतात. हेलर-मायर्स यांना असे दिसले की ज्यांच्या लघवीत ही वाढ होती त्यांना टेस्टोस्टेरोनने गुण आला; ज्यांची द्रव्ये नेहमीइतकीच होती त्यांना तक्रारी अगदी तशाच असूनही गुण आला नाही. म्हणजे दोघांचे रडगाणे एक, पण रोग निराळे. एकाच्या विहिरीचे पाणी आटले होते, आणि दुसऱ्याचा पोहराच फुटका होता.

खरी उणीव असते ती कोणाला? जन्मतःच एक्स गुणसूत्र अधिक असलेल्या मुलांना, ज्याचे वर्णन १९४२ साली हॅरी क्लाइनफेल्टर याने केले. वयात येताना गालगुंडांची सूज वृषणांत उतरून ते निकामी झालेल्यांना. पीयूषिकेत गाठ झालेल्यांना. शस्त्रक्रियेने वा किरणोपचाराने वृषण गमावलेल्यांना. अशा मुलाला आवाज फुटत नाही, मिसरूड येत नाही, हाडे ठिसूळ राहतात. बरोबरीची मुले बापये होतात आणि हा मागे राहतो. त्याच्यासाठी हे औषध म्हणजे चैन नव्हे. मधुमेह्याला जसे इन्शुलिन तसे त्याला हे. आणि लाजेपोटी आईबापांनी त्याला डॉक्टरांकडे नेलेच नाही, तर त्याची सारी उमेदीची वर्षे वाया जातात.

याउलट, तिशी-चाळिशीनंतर हे हार्मोन दरवर्षी सुमारे एक टक्का या मानाने कमी होत जाणे, हा वयाचा धर्म आहे. युरोपातील आठ शहरांत चाळीस ते एकोणऐंशी वर्षांच्या सुमारे तेहतीसशे पुरुषांची पाहणी करून २०१० साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात तक्रारी आणि रक्तातील कमतरता ही दोन्ही खरोखर जुळलेले पुरुष शंभरात दोनच निघाले. पोट सुटणे, मधुमेह, झोप पुरी न होणे, अफूच्या जातीची वेदनाशामके, यांनीही हे हार्मोन खाली येते. तेथे वजन उतरवले आणि मूळ दुखणे आटोक्यात आणले की ते पुष्कळदा आपोआप वर चढते. म्हणून तक्रारी असल्या तरी सकाळच्या वेळी, निदान दोन निरनिराळ्या दिवशी, रक्त तपासल्यावाचून औषध सुरू करू नये, असा आज सर्व तज्ज्ञांचा दंडक आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बाहेरून टेस्टोस्टेरोन मिळू लागले की पीयूषिका समजते, काम भागले. ती हुकूम सोडणे थांबवते, वृषण आकसतात आणि शुक्राणूंची निपज बंद पडत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने तर याच गुणाचा उपयोग करून दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरोन इंजेक्शनाची पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली आणि १९९० साली तिचा यशस्वी निकाल प्रसिद्ध केला. विचार करा: मर्दानगीचे औषध म्हणून तरुण ज्याच्या मागे धावतो, तेच त्याला बाप होण्यापासून अडवते! आज व्यायामशाळांतून दंड फुगवण्यासाठी चोरूनमारून ही इंजेक्शने घेणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही. लग्नानंतर पाळणा हलला नाही म्हणजे कळते, आणि तेव्हाही बोल बहुधा सुनेलाच लावला जातो. औषध थांबवल्यावर निपज बहुतेकांत पूर्ववत होते, पण त्याला महिनोन् महिने लागतात. ज्याला उणीव आहे आणि मूलही हवे आहे, त्याला टेस्टोस्टेरोन न देता वृषणांनाच जागे करणारी औषधे देतात: गर्भवती स्त्रीच्या लघवीतून प्रथम सापडलेले एचसीजी, किंवा क्लोमिफीनच्या गोळ्या.

औषधांची तुलना

आता ज्याची उणीव सिद्ध झाली आहे आणि ज्याला मूल नको आहे, त्याच्यापुढच्या वाटा पाहू.

नुसते टेस्टोस्टेरोन गिळले तर यकृत ते वाटेतच मोडून टाकते. म्हणून १९३५ मध्येच त्यात फेरफार करून गिळता येईल अशी मेथिलटेस्टोस्टेरोनची गोळी निघाली. पण तिने यकृतालाच इजा होते असे आढळले आणि शहाण्या डॉक्टरांनी ती मागे टाकली. त्यानंतर अनडेकॅनोएट नावाची गोळी आली. ती स्निग्ध अन्नाबरोबर घेतली तर यकृताला वळसा घालून रक्तात जाते. तिच्या नव्या प्रकारांनी रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे त्यावर नजर ठेवावी लागते.

तेलातील इंजेक्शन हा जुना आणि भरवशाचा मार्ग. एनँथेट व सिपिओनेट ही इंजेक्शने आठवड्याने, दोन आठवड्यांनी घ्यावी लागतात. ती स्वस्त आहेत. दोष एवढाच की पहिल्या दोन-चार दिवसांत हार्मोनची भरती येते आणि पुढच्या इंजेक्शनाच्या आधी ओहोटी. त्याबरोबर माणसाचा मूडही वरखाली होतो. अनडेकॅनोएटचे लांब पल्ल्याचे इंजेक्शन मात्र दहा ते चौदा आठवडे पुरते. ते चक्क एरंडेल तेलात कालवलेले असते आणि कमरेत सावकाश द्यावे लागते. क्वचित तेलाचा थेंब फुफ्फुसात जाऊन खोकल्याची उबळ येते, म्हणून दिल्यावर रुग्णाला थोडा वेळ दवाखान्यात बसवून घेतात.

अंगावर रोज चोळावयाचा जेल २००० साली अमेरिकेत आला. त्याने रक्तातली पातळी समान राहते, सुई टोचावी लागत नाही. पण तो महाग पडतो, आणि चोळलेल्या अंगाशी बायको-मुलांचा स्पर्श झाला तर औषध त्यांच्याही अंगात उतरते. बापाच्या कडेवरच्या लहान पोरांत अकाली वयात आल्याची लक्षणे दिसल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. कातडीला चिकटवावयाच्या पट्ट्या जेलच्या आधीच्या. त्यांनी अनेकांना खाज व पुरळ येते. कातडीखाली पेरलेले दाणे चार-सहा महिने पुरतात, पण त्यासाठी लहानशी चीर द्यावी लागते, आणि औषध मानवले नाही तर काढणे जिकिरीचे होते.

यांतले अधिक गुणकारी कोणते? अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०२० साली सर्व पुरावा तपासून सांगितले की इंजेक्शन आणि जेल यांच्या गुणात मोठा फरक दिसत नाही; किमतीत मात्र आहे. तेव्हा तेथे जेलसारख्या औषधांचा वर्षाचा खर्च सरासरी एकवीसशे डॉलरांवर होता, तर इंजेक्शनाचा सुमारे दीडशे. म्हणून त्यांनी इंजेक्शनाकडे कौल दिला. वाट कोणतीही धरली तरी रक्त फार दाट तर होत नाही ना, प्रोस्टेट ठीक आहे ना, हे वेळोवेळी पाहावेच लागते. प्रोस्टेटचा कर्करोग या हार्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्सने १९४१ साली दाखवून दिले होते, आणि १९६६ साली त्याला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

मोठ्या चाचण्यांचा कौल

जेल आल्यावर अमेरिकेत जुनी जत्रा नव्या पोशाखात भरली. थकवा आहे, पोट सुटले आहे, जेवल्यावर झोप येते, मग तुमचे टेस्टोस्टेरोन कमी असेल, अशा जाहिराती दूरचित्रवाणीवर झळकू लागल्या. २००१ ते २०११ या दहा वर्षांत तेथे चाळिशीपुढच्या पुरुषांत हे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण तिपटीहून अधिक झाले. २०१५ साली तेथील औषध खात्याला बजावावे लागले की केवळ वयामुळे आलेल्या घटीसाठी या औषधाला मान्यता नाही.

सुदैवाने या वेळी ताळा पाहण्याचे कामही झाले. पासष्टीपुढच्या, कमतरता आढळलेल्या ७९० पुरुषांपैकी निम्म्यांना खरा जेल आणि निम्म्यांना तसाच दिसणारा खोटा जेल वर्षभर देऊन २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाला. कामेच्छा बेताची वाढली, मन किंचित प्रसन्न झाले. पण अंगातली तरतरी वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. पुढच्या वर्षीच्या निकालात स्मरणशक्तीतही फरक दिसला नाही. हाडांची घनता मात्र वाढलेली आढळली. त्यानंतर हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांची चाचणी २०२३ साली पूर्ण झाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयरोगाने मृत्यू यांचे प्रमाण खऱ्या औषधात ७.० टक्के आणि खोट्यात ७.३ टक्के, म्हणजे सारखेच निघाले. ती मोठी भीती दूर झाली. पण हृदयाचे ठोके अनियमित होणे, मूत्रपिंडाला इजा आणि फुफ्फुसात रक्ताची गुठळी, हे प्रकार औषध घेणाऱ्यांत थोडे अधिक आढळले. आणि सर्वांत नवल हाडांचे: घनता वाढते म्हणून हाडे कमी मोडतील असे सर्वांना वाटत होते, प्रत्यक्षात औषध घेणाऱ्यांचीच हाडे अधिक मोडली. ताळा पाहिला नसता तर हे कधी कळलेच नसते.

आपल्याकडची गोष्ट

आपल्याकडे या विषयावरचा पडदा उचलण्याचे धैर्य रघुनाथ धोंडो कर्वे यांनी दाखवले. 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत पदराला खार लावून चालवले, खटले सोसले, निंदा सोसली. लैंगिक गोष्टींविषयी शास्त्र काय म्हणते ते साध्या मराठीत सांगावे, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १९५४ साली, भारताच्या संसदेने औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला त्यात स्पष्ट मनाई आहे. हमदर्द दवाखान्याने व इतरांनी त्याला आव्हान दिले. १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा काही भाग रद्द केला, पण अशा औषधांची धंदेवाईक जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, असा निर्णय दिला. कायदा आजही आहे, आणि भिंतीवरची अक्षरेही आहेत. कारण कायदा जाहिरात पुसू शकतो. ती वाचून चोरपावलांनी जाणाऱ्या माणसाची लाज पुसणे त्याच्या हाती नाही.

ते काम आपले आहे. या लाजेने दोघांचे नुकसान होते. ज्याला खरी उणीव आहे तो मुलगा उपचारावाचून राहतो, आणि ज्याला ती नाही तो गृहस्थ पैसा आणि प्रकृती दोन्ही गमावतो. दोघांच्याही रक्षणाचा उपाय एकच, आणि तो गोटिंगेनच्या अंगणात पावणेदोनशे वर्षांपूर्वी सापडलेला आहे. कोणी या औषधाने मला गुण आला म्हणून सांगू लागला, तर तो खोटे बोलतो असे म्हणू नका. ब्राऊन-सेकारही खोटे बोलत नव्हता. एवढेच विचारा की ज्यांनी ते घेतले नाही त्यांचे काय झाले? न आरवणारे ते दोन कोंबडे कोठे आहेत? ज्याच्याकडे याचे उत्तर आहे त्याच्या दवाखान्यात ताठ मानेने जावे, मनातले सांगावे आणि रक्त तपासून घ्यावे. ज्याच्याकडे ते नाही, त्याच्या पायऱ्या रात्रीच्या अंधारातही चढू नयेत.